ओल कुठपर्यंत गेलीय?

मे महिना संपत आला की आमच्या भागात कुणालाही फोन लावा, रामराम झाला की दुसरं वाक्य पावसाचंच. "काय म्हणतेत, कवा यायलाय?" आमचा भाग म्हणजे लातूर जिल्हा, औश्याकडचा पट्टा, काळी जमीन, बरीचशी कोरडवाहू, आणि आता जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. मी नोकरीनिमित्त पुण्यात, आणि पुण्यात वेधशाळा, त्यामुळं गावाकडच्या बऱ्याच लोकांना वाटतं की ह्याला आतली खबर असणार. लहानपणापासून हा प्रश्न ऐकतोय, पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात, सगळीकडं. आणि इतकी वर्षं ऐकून माझं असं मत झालंय की ह्या प्रश्नानं जीव नुसता टांगणीला लागतो, हाताला काम काही मिळत नाही.

म्हणजे बघा ना, "पाऊस कधी येणार" ह्याचं उत्तर दुसऱ्या कुणीतरी द्यायचं आणि आपण ते घ्यायचं. देणारे भरपूर आहेत. पंचांगात नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, हत्ती असं काही आलं की माणसं खूश. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, शेतात धान्यं गोलात मांडतात, रात्रभर तसंच ठेवतात आणि पहाटे जाऊन बघून पीकपाण्याचं भाकीत सांगतात, त्याच्या बातम्या दरवर्षी सगळ्या पेपरात असतात. मग हवामान खातं, मग मोबाईलमधली ॲप्स, मग यूट्यूबवरचे अंदाजवाले, मग व्हॉट्सॲपवर कुणीतरी ढकललेला लाल-निळा नकाशा. ह्या सगळ्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणारे शहरी लोक भेटतात तेव्हा मला खरंच राग येतो. ज्याचं बी, खत, मजुरी, डिझेल सगळं एका आठवड्यात मातीत जाणार आहे तो माणूस मिळेल त्या दारी विचारणारच. माझी तक्रार विचारण्याबद्दल नाहीच, काय विचारायचं त्याबद्दल आहे.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, हा प्रश्न फारसा विचारायचे नाहीत. मृगाचा पहिला पाऊस पडला की गावात गडबड सुरू व्हायची, कुणाचा ट्रॅक्टर कुणाकडं, कृषी सेवा केंद्रावर रांग, आणि अण्णा खुरपं घेऊन वावरात. एका जागी उकरायचे, मग उताराच्या अंगाला जाऊन उकरायचे, मग बांधाजवळ. माती मुठीत दाबून गोळा होतोय का फुटतोय ते बघायचे. घरी आले की चुलते विचारायचे, "काय, करायची का उद्या?" आणि अण्णांचं ठरलेलं, "अरे पाऊस किती पडला ते नको सांगू, वल कुठवर गेलीय ते सांग." वरची ओल आणि खालची ओल एक झालीय का, दोन्हीच्या मधे कोरडा थर राहिलाय का, एवढंच त्यांना पाहिजे असायचं. कारण मधे कोरडा थर असला तर बी फुगतं, मोड येतो, मुळी खाली जाऊन कोरड्यात अडकते आणि वरून आठ दिवस उघडीप पडली की संपलं, दुबार पेरणी. आणि उलट चिखलात पेरलं तरी बी सडतं, म्हणून मग वाफसा यायची, म्हणजे चिखल सुकून माती पेरण्याजोगी व्हायची वाट बघायची. कृषी विभाग आता दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, ते ह्याच गोष्टीचं आकड्यातलं रूप आहे.

ह्यात मला काय आवडतं सांगू का, अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर आजच्या आज, स्वतःच्या हातानं मिळतं. पुढं काय होणार ते त्यांनाही माहीत नव्हतंच. पण जे होऊन गेलंय ते नीट बघितलं तर पुढच्या न कळणाऱ्या गोष्टीचा धक्का किती बसेल ते थोडंफार कळतं. वीतभर ओल असेल तर मधला दहा-बारा दिवसांचा खंड पीक कसंबसं काढतं, दोन बोटं ओल असेल तर नाही काढत. पाऊस तोच, पुढची उघडीपही तीच.

२०२५ साली तर ह्याची सगळ्यांची परीक्षाच झाली. मान्सून २४ मे ला केरळात, आणि २६ मे ला मुंबईत, म्हणजे मुंबईत आजवरच्या नोंदीत इतक्या लवकर कधी आलाच नव्हता. आमच्याकडंही मे महिन्यातच चांगला पाऊस झाला. बातम्यांत "मान्सून आला" एवढं एकच वाक्य घुमत होतं, आणि लोकांना वाटलं आला म्हणजे आला, आता काय बघायचं. मग तो मधेच थबकला, पुढची चाल अडली ती जूनच्या मध्यापर्यंत. कृषी विभाग तेव्हाही घाई करू नका म्हणून सांगत होता. त्या वर्षी केंद्र सरकारनं १३ राज्यांतल्या ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाईलवर मेसेज पाठवले, एआयच्या मदतीनं केलेले अंदाज होते ते, आणि मधला हा थांबा त्यांत आधीच सांगितला होता. तंत्रज्ञान भारी आहेच पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते, त्यांनी प्रश्नच बदलला होता. केरळात कधी येणार हे सोडून, तुमच्या इलाख्यात सलग पाऊस कधी सुरू होणार, हे विचारलं होतं. केरळच्या तारखेशी औश्याच्या शेतकऱ्याचं काय देणंघेणं? शंभर वर्षं आपण ती तारीख देवासारखी धरून बसलोय.

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस म्हणून चौक आहे. रोज हजारो लोक तिथून जातात, बसस्टॉपचं नाव म्हणून सगळ्यांना माहिती, पण हे नाव असं का ते फार जणांना ठाऊक नसतं. हवामान खात्याचं मुख्य ऑफिस आधी सिमल्याला होतं, ते १९२८ ला पुण्याला आलं, म्हणून ते सिमला ऑफिस. पुढं १९४४ ला मुख्यालय दिल्लीला गेलं पण इथलं ऑफिस आणि नाव राहिलं. ह्या खात्याचा जन्म १८७५ चा, आणि त्याच्या पाठोपाठ १८७७ ला पाऊस दगा देऊन गेला, दख्खनमध्ये त्या दुष्काळानं हाहाकार उडवला. मग सरकारनं विचारलं, पुढच्या वर्षी पाऊस कसा होणार ते आधी सांगता येईल का? हेन्री ब्लॅनफर्ड खात्याचे प्रमुख होते, त्यांनी हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधायला सुरुवात केली, बर्फ जास्त तर पाऊस कमी असा साधारण हिशोब, आणि १८८६ पासून रीतसर अंदाज द्यायला लागले. काही वर्षं बरं जमलं. आणि मग १८९९ आलं, पुन्हा भयानक दुष्काळ, आणि अंदाज साफ चुकला.

त्यानंतर १९०४ ला प्रमुख म्हणून आले गिल्बर्ट वॉकर. हवामानाचा माणूस नव्हता हा, केंब्रिजचा गणिती. त्यांनी हिमालय सोडून सगळ्या जगाकडं बघायचं ठरवलं. कुठल्या देशात हवेचा दाब किती, कुठं पाऊस किती, कुठं तापमान किती, असे आकडे मागवले आणि भारतीय कारकुनांची फौज बसवून वर्षानुवर्षं हातानं गणितं करून घेतली, ह्याचा त्याच्याशी संबंध आहे का, त्याचा ह्याच्याशी आहे का. त्यातून त्यांना दिसलं की प्रशांत महासागराच्या अंगाला दाब वाढला की हिंदी महासागराच्या अंगाला कमी होतो, आणि उलटही, लहान मुलांच्या सी-सॉसारखं. आज आपण टीव्हीवर एल निनो एल निनो ऐकतो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि आपल्याकडं बहुतेकदा पाऊस कमी होतो, त्याची ही अर्धी बाजू, समुद्राच्या पाण्याची बाजू जोडली गेली ती पार १९६० च्या दशकात.

मला ह्या वॉकरसाहेबांचं फार अप्रूप आहे. कारण ज्या कामासाठी त्यांना आणलं होतं ते त्यांच्या हातून काही झालं नाही, १९२४ ला ते निवृत्त झाले तेव्हाही मान्सूनचा खात्रीचा अंदाज देता येत नव्हता. "यंदा भारतात पाऊस पडेल का" ह्या प्रश्नाला उत्तर न मिळता त्यांना "जगातल्या कुठल्या गोष्टी एकत्र हलतात" हा प्रश्न मिळाला, आणि आज जगभर त्याच्यावर काम चालतं.

आणि बरं का, एल निनो कळला म्हणून अनिश्चितता गेली असंही नाही. १९९७ ला एल निनो इतका जोरात होता की सगळे घाबरले होते, आणि देशात पाऊस सरासरीच्या वर झाला. २००९ ला एप्रिलमधला अंदाज ९६ टक्के होता आणि प्रत्यक्षात झाला ७८ टक्के. २०१६ ला १०६ सांगितला, ९७ झाला. ह्याच्यावरून हवामान खात्याला नावं ठेवणारे भरपूर आहेत, मला त्यात पडायचं नाही, कारण अंदाज अगदी तंतोतंत आला तरी आमच्या सोयाबीनला त्याचा काय उपयोग हा खरा मुद्दा आहे. खात्याच्या भाषेत ९६ ते १०४ टक्के म्हणजे सरासरीइतका पाऊस. पण कशाचे टक्के? जून ते सप्टेंबर चार महिने, सगळा देश मिळून, सरासरी ८७ सेंटीमीटर, त्याचे टक्के. मेघालय आणि मराठवाडा एकाच आकड्यात.

२०२३ बघा. एप्रिलमधला अंदाज ९६, झाला ९४, म्हणजे अंदाज जवळजवळ बरोबर. पण जुलैत सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त, ऑगस्टमधे ३६ टक्के कमी, सप्टेंबरात पुन्हा १३ टक्के जास्त. तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. आणि सोयाबीन ऑगस्टमधे काय करतं तर फुलात असतं, शेंगा धरतं. त्या तीन आठवड्यांत पाणी नाही मिळालं तर बाकीच्या सगळ्या मोसमात कितीही पडो, शेंगेत दाणा भरत नाही. अण्णांच्या नंतर शेती बघतो तो माझा चुलतभाऊ, त्यानं ह्यातून एक सवय लावून घेतली, पेरायच्या आधीच कॅलेंडरवर मोजतो की आज पेरलं तर फुलं कधी, शेंगा कधी, आणि त्या आठवड्यांवर पेनानं गोल. मग यंदा पाऊस किती ह्याच्यापेक्षा ह्या गोलात खंड पडला तर मी काय करणार, विहिरीला तेव्हा पाणी असेल का, पीक वाचवण्यापुरतं एक संरक्षित पाणी किती एकराला देता येईल, सगळ्याला नाही देता आलं तर कुठल्या तुकड्याला आधी, असे प्रश्न सुरू होतात. हे सगळे जूनमधे सोडवता येतात. ऑगस्टमधे हाच विचार करायला बसलं तर डोकं चालत नाही, झोपच लागत नाही माणसाला.

दुसरी गोष्ट थांबायची. "पाऊस कधी येणार" ह्याची जी उलटी बाजू आहे ना, "मी कधीपर्यंत थांबू शकतो", ती फार कमी लोक विचारतात, आणि गंमत म्हणजे तिचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं आपत्कालीन पीक नियोजन असतं, त्यात तारखेप्रमाणं लिहिलेलंच असतं सगळं. मूग-उडीद लवकरचे, उशीर झाला की त्यांचा नाद सोडायचा. सोयाबीन साधारण १५ जुलैपर्यंत. त्याच्यापुढं गेलं तर तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी अशा गोष्टींकडं वळायचं. असले नियोजन हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या (CRIDA) पुढाकारानं देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांसाठी केलेले आहेत. हा कागद माझ्या मते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला पाहिजे, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरच्या जागी. कारण १५ जुलै ही तारीख माहीत असली की २५ जूनला जी धडधड होते ती निम्मी होते. अजून वेळ आहे हे कळतं. आणि सोबत हेही कळतं की वेळ गेलाच तर काय पेरायचं.

आईचं तर वेगळंच. ती पावसाबद्दल बोलायचीच नाही. ती मे महिन्यात ओलं पोतं घेऊन बसायची, घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून दहा-दहाच्या ओळीत मांडायची, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायची. आठवडाभरानं उघडून किती उगवले ते मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर नेहमीइतकं बी, कमी निघाले तर एकरी बी वाढवायचं, फारच कमी निघाले तर ते बी सोडून द्यायचं. न उगवण्याचं कारण पाऊस आहे का बी आहे का खोल पेरलंय हे नंतर कुणालाच सांगता येत नाही, सगळे एकमेकांवर आणि देवावर ढकलतात. तिनं त्यातलं एक कारण मे महिन्यातच निकालात काढलेलं असायचं. अनिश्चितता सगळी एक गठ्ठा नसते, तिच्यातल्या काही भागाचं उत्तर घरात बसून मिळतं, हे मी कुठल्या ट्रेनिंगमधे शिकलो नाही, त्या ओल्या पोत्यापाशी शिकलो.

टक्क्यांचंही सांगायचंय. ॲपवर "पावसाची शक्यता ६० टक्के" येतं आणि लोक म्हणतात, म्हणजे येणार का नाही ते सांग ना सरळ. पण आकाशाचं गणितच असं आहे की सुरुवातीचे आकडे किंचित इकडंतिकडं झाले तरी दहा दिवसांनी चित्र पार वेगळं निघतं. म्हणून हवामानवाले तोच हिशोब थोड्या थोड्या फरकानं बऱ्याच वेळा चालवून बघतात आणि त्यातल्या किती वेळा पाऊस आला ते बघून टक्के सांगतात. मग त्या ६० चं करायचं काय? इथं चुलतभावाची पद्धत मला फार पटते. तो विचारतो, अंदाज चुकला तर कुठल्या बाजूनं चुकलेला मला परवडेल? फवारणी करायचीय आणि शक्यता ६० आहे तर पुढं ढकलतो, धुऊन गेलं तर औषध आणि मजुरी दोन्ही पाण्यात, आणि दोन दिवस थांबून फार काही बिघडत नाही. पण काढणी झालीय, सोयाबीनची गंज, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लावून ठेवलीय, आणि शक्यता फक्त २० टक्के आहे, तरी तो ताडपत्री टाकून येतो, रात्री दहा वाजता का होईना. कारण नाही आला पाऊस तर तासभर कष्ट वाया, आणि आला तर वर्ष वाया. म्हणजे ६० ला थांबला आणि २० ला धावला, आणि दोन्ही बरोबर. "येणार का नाही" ह्या प्रश्नात हे बसतच नाही.

हे शेतीपुरतंच नाही हे मला पुण्यात कळलं. आमच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली होती, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही, लिस्ट आली का, आपलं नाव आहे का, मॅनेजरचा चेहरा आज कसा होता. मी आणि बायको एका रविवारी वही घेऊन बसलो. घराचा हप्ता, मुलीची फी, गावाकडं पाठवायचे पैसे, हातातले पैसे किती महिने पुरतील, कुठला खर्च महिन्याभरात थांबवता येतो आणि कुठला नाहीच येत, किती तारखेपर्यंत दुसरीकडं नाही जमलं तर पगार कमी घेऊन जायचं. नाव आहे का नाही हे त्या वहीतनं कळणार नव्हतंच, पण त्या रात्री आम्ही दोघं झोपलो. पुढं त्या लिस्टमधे माझं नाव आलं नाही, माझ्या शेजारी बसणाऱ्याचं आलं, आणि तो माझ्यापेक्षा चांगलं काम करायचा. म्हणून मी कधीच म्हणणार नाही की वही काढली की संकट टळतं.

इथंच मला एका गोष्टीची फार टोचणी आहे आणि ती लिहिल्याशिवाय हा लेख पूर्ण होणार नाही. चांगला प्रश्न विचारायला थांबायला लागतं, आणि थांबायची ऐपत सगळ्यांची नसते. आमच्या शेजारचा एकजण बटईनं शेती करतो, म्हणजे जमीन दुसऱ्याची आणि पीक वाटून घ्यायचं. बी-खत दुकानातनं उधार, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, तो ज्या दिवशी मोकळा त्या दिवशी पेरायचं, नंतर पुन्हा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. ओल वीतभर गेलेली नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. खुरप्यानं उकरून त्यानंही बघितलेलं असतं. तरी तो पेरतो, कारण ७५ मिलिमीटर होईपर्यंत ट्रॅक्टरवाला थांबणार नाही आणि उधारीचं व्याजही थांबणार नाही. आणि मग दुबार पेरणीची वेळ आली की पेपरात येतं, शेतकऱ्यांनी घाई केली. घाई कसली, त्याच्यापुढं दुसरा रस्ताच नव्हता. "त्यानं सल्ला का ऐकला नाही" ह्याऐवजी "सल्ला ऐकायला त्याच्याकडं काय असायला पाहिजे होतं" असं कुणीतरी विचारा ना एकदा. पीककर्ज मे महिन्यात हातात पडलं असतं तर? गावात भाड्यानं मिळणारी दोन पेरणीयंत्रं जास्त असती तर? दुबार पेरणीसाठी बियाण्याची थोडी सोय तालुक्याला आधीच राखून ठेवली असती तर? अंदाज अजून अचूक करायला जेवढा पैसा लागतो तेवढा लावाच, पण ह्या गोष्टींना तर हवामानाचं काहीच कळावं लागत नाही.

२०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, आठवत असेल, आणि त्याच वर्षी सप्टेंबर सरता सरता त्याच मराठवाड्यात पूर आले. पुढं २०२५ च्या सप्टेंबरात तर धाराशिव, बीड, सोलापूरकडं उभी पिकं आणि माती दोन्ही वाहून गेली. त्यामुळं आता आमच्या घरात जूनची बोलणी नुसती दुष्काळाची नसतात, पाणी जास्त झालं तर वावरातनं निघणार कुठनं हेही असतं, चुलतभाऊ रुंद वरंबा सरीवर पेरायला लागलाय ते त्यामुळंच, पाऊस कमी झाला तर सरीत मुरतो आणि जास्त झाला तर सरीतनं निघून जातो.

परवा त्याचा फोन होता. पाऊस कधी येणार असं त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "दादा, सोयाबीन आणि तूर चार-दोनच्या ओळीनं करायलोय. एक बॅग बी जास्तीचं घेऊन ठेवावं म्हणतो, पहिलं मोडलं तर हाताशी असावं. लागलं नाही तर परत घेतो म्हणलाय दुकानदार, पण १५ जुलैपर्यंत पैसे अडकून राहतेत. तेवढे दिवस तुझ्याकडनं जमंल का?" मी जमेल म्हणालो. मग त्याला विचारलं की शेजारच्या बटईवाल्यासाठी पण एक बॅग अशीच ठेवता येईल का, तर तो म्हणाला त्याला विचारून सांगतो, त्याच्या ट्रॅक्टरची तारीख आधी बघावी लागंल.